थायमसची गाठ: पेशी मोजून तिचा घातकपणा ठरवता येतो का?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. विषय जरा तांत्रिक आहे, पण इथं डॉक्टर, नर्स, शिक्षक सगळेच वावरतात म्हणून विचारतोय.

आमच्या वहिनींच्या छातीतली गाठ नुकतीच काढली. सुरुवात डाव्या पापणीपासून झाली होती. संध्याकाळ झाली की पापणी खाली यायची, जेवताना शेवटचे घास चावता येईनात. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग मेंदू-नसांचे डॉक्टर. रक्तात ॲसिटाइलकोलिन रिसेप्टरच्या विरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकून ढिले पडण्याचा आजार) असं निदान झालं, आणि सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडामागं ४.२ सेंटीमीटरची गाठ दिसली. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. वहिनी आता घरी आहेत आणि बऱ्या आहेत.

अडचण रिपोर्टची आहे. पहिल्या लॅबनं लिहिलंय: थायमोमा (म्हणजे थायमस ग्रंथीची गाठ), टाईप बी-२, मसाओका-कोगा स्टेज (गाठ किती पसरली त्याची पायरी) दोन-ए, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेला गाठ नाही). आम्ही काचा (गाठीचे पातळ काप लावलेल्या) दुसरीकडं दाखवल्या, तर तिथं टाईप बी-१ आलं. माझा पुतण्या पुण्यात शिकतो. त्यानं कुठंतरी वाचलं की पेशीच्या केंद्रकाचं क्षेत्रफळ, परीघ, गोलाई असं सगळं संगणकावर मोजून गाठ किती घातक आहे ते ठरवता येतं. त्याचं म्हणणं, दोन डॉक्टरांच्या दोन मतांपेक्षा एकदा मोजूनच घेऊया. दादाला वाटतंय खर्च झाला तरी चालेल, पण आकडा हातात यावा.

असं मोजून खरंच कळतं काय? आणि कळत असेल तर कुठं करून घ्यायचं?

वडगावचा_माग:
वहिनींना लवकर बरं वाटू दे. थायमस म्हणजे थायरॉईडच काय ओ? आमच्या घरात थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून विचारलं.

मिरज_लाईन:
नाही दादा, वेगळं. थायरॉईड गळ्यात. थायमस छातीच्या हाडामागं, हृदयाच्या वरच्या बाजूला. लहान मुलात तो चांगला मोठा असतो, वयात आल्यावर आकसत जातो आणि त्याची जागा चरबी घेते. टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथं तयार होऊन, शिकून बाहेर पडतात. १९६१ साली जाक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग करून त्याचं काम दाखवलं. तोवर मोठ्या माणसात तो निरुपयोगीच समजत होते.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. मायस्थेनियाचा पेशंट टेबलावर असला की भूल देणारे डॉक्टर स्नायू सैल करणारं औषध फार जपून वापरतात, एवढं माझ्या रोजच्या कामातलं सांगू शकते. रिपोर्टचं जाणकार सांगतील.

काचपट्टी:
उभी हयात बेळगावात पॅथॉलॉजीच्या टेबलावर गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खानापूरवाले, आधी एक गोष्ट मनातून काढा. बी-१ आणि बी-२ असे दोन रिपोर्ट आले म्हणजे कुणीतरी चुकलं, असं नाही. थायमोमात दोन प्रकारच्या पेशी एकत्र असतात. गाठ खरी असते ती एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींची. त्यांच्यात मिसळलेल्या लिम्फोसाइट पेशी गाठीच्या नसतात, त्या शिकायला आलेल्या टी-पेशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये ए, एबी, बी-१, बी-२, बी-३ अशी वर्गवारी लावली. ए म्हणजे लांबट, शांत दिसणाऱ्या एपिथेलियल पेशी, लिम्फोसाइट अगदी कमी. बी-१ म्हणजे जवळजवळ नॉर्मल थायमसच्या बाहेरच्या भागासारखं चित्र, लिम्फोसाइट भरपूर. बी-२ मध्ये एपिथेलियल पेशी वाढतात. बी-३ मध्ये त्यांचे पत्रेच्या पत्रे दिसतात आणि लिम्फोसाइट मागं पडतात. थायमिक कार्सिनोमा (थायमसचा कर्करोग) हा यापुढचा, वेगळाच आजार.

बी-१ आणि बी-२ मधली सीमा कशी ठरते? थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१४ मध्ये निकष स्पष्ट केले. एपिथेलियल पेशी एकएकट्या विखुरलेल्या असतील, तीन पेशी एकमेकींना चिकटून दिसत नसतील, तर बी-१. तीन किंवा जास्त चिकटून घोळके करत असतील तर बी-२. इथं केंद्रक किती मोठं हा प्रश्नच येत नाही, पेशी कशा बसल्या आहेत ते बघायचं असतं. एकाच गाठीत एका कोपऱ्यात बी-१ आणि दुसऱ्या कोपऱ्यात बी-२ हे अगदी नेहमीचं आहे. दुसऱ्या लॅबला तुम्ही सगळ्या काचा दिल्या होत्या की एक-दोनच?

खानापूरवाला:
डॉक्टर, दोनच काचा मिळाल्या होत्या. बाकीच्या तिथंच आहेत म्हणाले.

काचपट्टी:
मग त्यातच निम्मं उत्तर आलं. गाठीचा साधारण सेंटीमीटरला एक तरी तुकडा तपासायचा असतो. म्हणजे ४.२ सेंटीमीटरच्या गाठीचे चार-पाच ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) तरी असतील. दोन काचांवर दुसरं मत मागितलं तर त्या दोन काचांपुरतंच मत मिळतं.

कोड_कित्तूर:
डॉक्टरांचा अनुभव मान्य, पण माझं मत वेगळं आहे. मी बेंगळुरूत मेडिकल इमेजिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. दोन तज्ज्ञ एकाच काचेवर वेगळं बोलतात, हे थायमोमाच्या बाबतीत छापून आलेलं आहे. बी गटातली एकवाक्यता मध्यमच निघते. मग मशीनला मोजू द्यायला काय हरकत? क्यूपाथ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालं, २०१७ पासून जगभर वापरतात. काच स्कॅन केली की हजारो केंद्रकं काही मिनिटांत मोजून होतात. सरासरी क्षेत्रफळ, परीघ, लांबी-रुंदी, रंगाची गडदता, सगळं तक्त्यात. पुतण्याचं काही चुकलेलं नाही. माणसाचा डोळा थकतो.

गोकाक_रोड:
एवढं सगळं कशाला? सर्जननं गाठ पूर्ण काढली की नाही, संपला विषय. माझ्या मेव्हण्याच्या वेळी आम्ही रिपोर्ट घेऊन गावोगाव हिंडलो. शेवटी सगळ्यांनी एकच विचारलं, कडा मोकळ्या आहेत काय?

काचपट्टी:
गोकाक रोड, तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, त्यावर येतो. आधी कित्तूरच्या मित्राला उत्तर देतो, कारण त्याचा मुद्दा वजनदार आहे.

हजारो केंद्रकं मोजली, पण कुणाची? बी-१ गाठीत दिसणारी बहुतेक केंद्रकं लिम्फोसाइटची असतात. प्रोग्रामला फरक शिकवला नाही, तर तो सगळ्यांची सरासरी काढणार, आणि ती लहान येणार. बी-३ मध्ये लिम्फोसाइट कमी म्हणून सरासरी मोठी येणार. आकडे छान चढत गेलेले दिसतील आणि वाटेल की पेशी घातक होत गेल्या. प्रत्यक्षात लिम्फोसाइटचं प्रमाण बदललं एवढंच. एपिथेलियल केंद्रकं वेगळी काढायची तर पी-४० किंवा पी-६३ हा केंद्रकातच चढणारा डाग (काचेवर लावायचा खास रंग) वापरावा लागतो, आणि मग फक्त डाग चढलेलीच केंद्रकं मोजायची.

केआय-६७ चंही तसंच. हा डाग विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींना धरतो. स्तनाच्या गाठीत तो टक्का वाचून आपण घाबरतो किंवा निश्चिंत होतो. थायमोमातल्या कच्च्या टी-पेशी मुळातच धडाधड वाढत असतात, त्यामुळं बी-१ मध्ये तो टक्का भरमसाट येऊ शकतो. एका घरात हा आकडा बघून रडारड झालेली मी पाहिली आहे. आकडा बरोबर होता, पण तो गाठीच्या पेशींचा नव्हताच.

कोड_कित्तूर:
हे मान्य. पी-४० लावून एपिथेलियल केंद्रकं वेगळी काढली तर? मग तर मोजमाप खरं धरणार ना?

चिकोडीचे_गुरुजी:
यात माझ्या विषयाचं बरंच आहे, तेव्हा बोलतो. शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. रोगाचं मला कळत नाही, मोजमापाचं कळतं.

पहिली गोष्ट. काचेवर आपण केंद्रक बघत नाही, केंद्रकाचा काप बघतो. तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप. केंद्रक गोलाकार धरलं, तर पाती कधी मधोमध जाते, कधी कडेनं. भूमितीनं असं निघतं की यादृच्छिक कापांचं सरासरी क्षेत्रफळ मधल्या मोठ्या वर्तुळाच्या दोन-तृतीयांश येतं. म्हणजे सगळी केंद्रकं तंतोतंत सारखी असली तरी काचेवर ती लहान-मोठी दिसणार. 'आकारात फार विविधता' असं जे लिहितात, त्यातला काही भाग नुसत्या कापण्याचा असतो. यावर उपायही निघालेला आहे. गुंडरसन आणि जेन्सन यांनी १९८५ मध्ये पद्धत दिली. कापावर ठिपके टाकायचे, ठिपका ज्या केंद्रकावर पडेल त्यातून रेघ काढायची, तिच्या लांबीचा घन करायचा, त्या घनांची सरासरी घेऊन पायनं (π, म्हणजे ३.१४) गुणायचं आणि ३ नं भागायचं. केंद्रकाचा आकार कसाही असो, त्याचं घनफळ मिळतं, आणि त्यात मोठ्या केंद्रकांना जास्त वजन मिळतं.

दुसरी गोष्ट, आकसणं. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये आणि मेणात आकसतं. लांबी १० टक्के आकसली तर क्षेत्रफळ १९ टक्के कमी होतं आणि घनफळ २७ टक्के. एका लॅबचं आकसणं दुसऱ्या लॅबपेक्षा एवढं वेगळं असेल, तर गाठ तीच असून आकड्यात एवढा फरक पडणार. मग एका लॅबनं ठरवलेली मर्यादा दुसऱ्या लॅबच्या काचेला कशी लावणार?

तिसरी गोष्ट, गोलाई. ४ गुणिले पाय गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिघाचा वर्ग. पूर्ण वर्तुळाला १ येतो. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेल्या लंबवर्तुळाला साधारण ०.८४, तिप्पट असेल तर ०.६६. आकडा जितका खाली तितका आकार वर्तुळापासून दूर. आता डॉक्टरांनी वर लिहिलंय की टाईप ए मध्ये पेशी लांबट असतात. तो प्रकार तर सौम्य समजतात ना? मग तिथं हा आकडा खाली येणार आणि गाठ मात्र सौम्य. माझं बरोबर आहे का डॉक्टर?

काचपट्टी:
गुरुजी, अगदी बरोबर. आकार वेडावाकडा होणं आणि आकार लांबट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोलाईचा एकच आकडा दोन्हींना सारखाच गुण देतो. त्यात लांबट केंद्रक आडवं कापलं गेलं की काचेवर ते लहान आणि गोल दिसतं. बी-३ मध्ये केंद्रकाला घड्या आणि खाचा पडलेल्या असतात. परिघाचं मोजमाप तिथं उपयोगी पडायला हवं, पण खाच टिपण्याइतका काप चांगला लागतो.

आणि आकारमानाबद्दलही एक सांगतो. बी-१, बी-२, बी-३ असं चढत गेलं की केंद्रक पायरीपायरीनं मोठं होत जातं असा समज असतो. तसं होत नाही. बी-२ ची केंद्रकं पुष्कळदा मोठी, स्वच्छ, ठळक केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) असलेली दिसतात. बी-३ ची त्यापेक्षा लहानही असू शकतात.

वडगावचा_माग:
गुरुजी, याची परीक्षा नाही ना घेणार? पण मला थोडं समजलं बघा. आमच्यात कापड घेणारा व्यापारी भिंग ठेवून इंचात किती धागे ते मोजतो. धागे बरोबर भरले तरी साडी टिकेल की नाही ते सुताच्या पिळावर आणि रंगावर. भिंग खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं.

चिकोडीचे_गुरुजी:
वडगाव, हे मी वर्गात सांगितलं असतं तर पोरांना लवकर कळलं असतं.

आणखी एक राहिलं. किती केंद्रकं मोजायची? समजा आकारातला फरक सरासरीच्या ३० टक्के आहे. १०० मोजली तर सरासरीतली अनिश्चितता ३ टक्के, ४०० मोजली तर दीड टक्का. संगणकानं १० हजार मोजली तर ती जवळजवळ शून्य. पण ही सगळी एकाच कोपऱ्यातली असतील, तर दुसऱ्या कोपऱ्याबद्दल या १० हजारांनी काहीही सांगितलेलं नसतं. कित्तूरच्या मित्रानं यावर विचार करावा. तुमचं यंत्र ज्या जागी मोजतं तिथं अचूक आहे, पण जागा कुणी निवडली?

कोड_कित्तूर:
गुरुजी, पटलं. पण याला मार्ग आहे. सगळे ब्लॉक, संपूर्ण काच स्कॅन करायची, मग जागा निवडायचा प्रश्न उरत नाही. आणि आकसण्यासाठी त्याच काचेवरच्या लहान लिम्फोसाइटशी तुलना करायची, नुसतं क्षेत्रफळ न देता गुणोत्तर द्यायचं. माझा आग्रह एवढाच, की 'डोळ्यानं बघून कळतं' यावर थांबू नये.

काचपट्टी:
गुणोत्तराची सूचना चांगली आहे. फक्त मापाला धरलेला लिम्फोसाइट पिकलेला आणि शांत असावा. थायमोमातले कच्चे लिम्फोसाइट स्वतःच आकारानं कमी-जास्त असतात.

थांबू नये हेही बरोबरच. केंद्रकाचं क्षेत्रफळ, त्यातली विविधता, डीएनएचं प्रमाण यांवर जगभर अभ्यास झाले, अजून होतात. गटागटांची सरासरी काढली की फरक दिसतो. कार्सिनोमाच्या पेशी मोठ्या, गडद, बेढब असतात हे आकड्यातही उतरतं. पण गट वेगळे दिसणं ही एक गोष्ट, आणि समोरच्या एका बाईच्या गाठीचा निकाल त्या आकड्यावर लावणं ही दुसरी. गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात. म्हणून आजही थायमोमाला पेशी मोजून ठरवलेली अधिकृत ग्रेड नाही. स्तनाच्या कर्करोगात ग्रेड असते, मूत्रपिंडाच्या कर्करोगात असते. इथं टाईप लिहायचा आणि स्टेज लिहायची. बी-३ की कार्सिनोमा असा पेच पडला तर सीडी-५ आणि सीडी-११७ हे डाग जास्त कामाला येतात.

गोकाक_रोड:
बघा, फिरून स्टेजवरच आलं की नाही!

काचपट्टी:
होय, आणि आता त्यावरच लिहितो, कारण खानापूरवाल्यांच्या घराला याचीच गरज आहे.

जपानचे सर्जन मसाओका यांनी १९८१ मध्ये स्टेज मांडल्या, १९९४ मध्ये कोगा यांनी त्यात दुरुस्ती केली. गाठ आवरणाच्या आत असेल तर एक. आवरण ओलांडलेलं फक्त सूक्ष्मदर्शकात दिसलं तर दोन-ए. शेजारच्या चरबीत उघड शिरलेली असेल तर दोन-बी. हृदयाचं आवरण, फुप्फुस, मोठ्या रक्तवाहिन्या अशा शेजारच्या अवयवात गेली तर तीन. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणावर पसरली तर चार-ए, लसिकेतून किंवा रक्तातून गेली तर चार-बी.

यानंतर टीएनएमची (गाठ, लसिकाग्रंथी आणि पसरणं यांवरून स्टेज लावायच्या पद्धतीची) आठवी आवृत्ती आली. तिच्यात एक, दोन-ए आणि दोन-बी हे तिन्ही पहिल्याच स्टेजमध्ये घातले. चरबीत थोडं शिरणं आणि न शिरणं यात पुढच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही, असं हजारो रुग्णांच्या नोंदींतून दिसलं म्हणून. नवव्या आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली, आणि ती मोजमापाचीच आहे. गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर टी-वन-ए, त्यापेक्षा मोठी तर टी-वन-बी. इतकी वर्षं आपण सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रॉन मोजत बसलो, आणि स्टेजमध्ये जागा मिळाली ती टेबलावरच्या साध्या पट्टीला. वहिनींची गाठ ४.२ ची, कडा मोकळ्या. बी-१ असो नाहीतर बी-२, त्यांची स्टेज बदलत नाही.

एक सावधगिरी मात्र. 'स्टेज पहिली म्हणजे साधी गाठ' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पूर्वी थायमोमाला सौम्य आणि घातक अशा दोन पेट्यांत घालायचे. आता कुठलाही थायमोमा निव्वळ सौम्य धरत नाहीत, ए सुद्धा नाही. परत आला तर तो पुष्कळदा उशिरा येतो, आणि फुप्फुसाच्या आवरणावर येतो. म्हणून निदान १० वर्षं तरी तपासण्या चालू ठेवायच्या.

निपाणीची_अक्का:
मी सगळं वाचलं. मला हीच गाठ होती, टाईप एबी, मायस्थेनियासकट. ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली.

खानापूरवाले, तुमच्या वहिनींसाठी दोन शब्द लिहिते. रिपोर्ट हातात आल्यावर मीही त्या एका अक्षरावर रात्र-रात्र विचार करत बसायची. ए असतं तर बरं, बी आहे म्हणजे काय. घरातले सगळे रिपोर्टबद्दल बोलायचे, आणि मला ताटातली भाकरी चावत नव्हती, त्याबद्दल कुणी विचारायचं नाही. गाठ काढली की मायस्थेनिया दुसऱ्या दिवशी जात नाही. मला पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या पुढं बराच काळ चालू होत्या, अजून थोड्या आहेत. थकवा यायचा तो दिसत नाही कुणाला. आंघोळ करून केस विंचरायला हात वर धरवत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, ऑपरेशन तर झालं की आता. त्यांचं वाईट म्हणत नाही, त्यांना दिसतच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं. मला एकदा साधा ताप-खोकला झाला, जवळच्या दवाखान्यात गेले, मायस्थेनिया आहे असं सांगितलं, तरी एक अँटिबायोटिक लिहून दिलं. दोन डोसांत श्वास अडकायला लागला. नशिबानं भावाकडं गाडी होती. नंतर कळलं, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची औषधं, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, ही आमच्या आजारात धोक्याची. वहिनींच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा, आजाराचं नाव आणि टाळायची औषधं लिहून. मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तिन्ही. आपल्या भागात रात्री कुठल्या दवाखान्यात जायची वेळ येईल, सांगता येत नाही.

मिरज_लाईन:
अक्का, हे कार्डाचं प्रत्येकानं करावं. आमच्याकडं ॲडमिट होताना पेशंट असं कार्ड पुढं करतात तेव्हा खरंच काम सोपं होतं. अझिथ्रोमायसिन आणि बीटा-ब्लॉकर यांच्याबद्दलही आधी विचारून घ्या. आणि दातांच्या डॉक्टरांनासुद्धा दाखवा.

कॅम्प_बेळगाव:
विषयांतराबद्दल माफी, पण खर्चाचा उल्लेख झाला म्हणून. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहेच. माणसं दोन्हीकडच्या कागदांत अडकतात. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठून कुठली योजना, कुठले कागद, हे लिहूनच घ्यावं. आमच्या नात्यात रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत आणि नावाचं स्पेलिंग तिसरंच, यातच आठवडा गेला होता.

गोकाक_रोड:
कॅम्प, यासाठी वेगळा धागा काढा, सगळे लिहितील. माझ्याकडंही सांगण्यासारखं बरंच आहे.

खानापूरवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, तुमचा प्रतिसाद वहिनींना वाचून दाखवला. केसांचं वाक्य आलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'माझंही हेच व्हायलंय, मी सांगितलं नव्हतं.' आता आम्ही रोज विचारतो.

डॉक्टर, मग आम्ही नक्की करायचं काय? मोजून घ्यायचं सोडून द्यायचं?

काचपट्टी:
फक्त मोजून घेण्यासाठी पैसे घालू नका. त्यापेक्षा मूळ लॅबकडून सगळ्या काचा आणि मेणाचे सगळे ब्लॉक रीतसर अर्ज देऊन घ्या, सोबत ऑपरेशनची नोंद आणि सीटीची सीडी ठेवा, आणि थायमसच्या गाठी नेहमी बघणाऱ्या मोठ्या कर्करोग केंद्रात पाठवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असे ब्लॉक तपासायला घेतात. तिथं तीन गोष्टी विचारा. गाठीत कुठला टाईप किती टक्के, कारण हल्ली १०-१० टक्क्यांच्या टप्प्यात लिहायची पद्धत आहे. आवरण नेमकं कुठं ओलांडलंय. आणि कडेपासून गाठ किती मिलिमीटरवर आहे. हे शेवटचं मोजमाप मात्र जरूर मागा. पुढं रेडिएशन द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर ते बघतात.

कोड_कित्तूर:
आणि काचा तिथं स्कॅन होत असतील तर स्कॅनची प्रत मागून ठेवा. पुढं कधी दुसरं मत लागलं तर काच फुटण्याची भीती नाही. डॉक्टर, एक विचारतो. तीन पेशी चिकटून आहेत की नाहीत, हा जो बी-१ आणि बी-२ चा निकष आहे, तो तर संगणकाला नीट शिकवता येईल. पी-४० चा डाग, आणि शेजारच्या केंद्रकांतलं अंतर. केंद्रकाच्या आकारापेक्षा हेच मोजायला हवं ना?

काचपट्टी:
हेच मोजायला हवं. केंद्रकाचं आकारमान मोजणं सोपं होतं म्हणून इतकी वर्षं सगळे तेच मोजत आले. पेशींची मांडणी मोजणं अवघड होतं, आता यंत्रामुळं शक्य झालंय. तुमच्यासारख्यांनी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून हे केलं तर दोन लॅबच्या दोन मतांतलं अंतर नक्की कमी होईल. फक्त एपिथेलियल पेशींचे लांब हात एकमेकांत गुंतलेले असतात. केंद्रकं दूर दिसली तरी पेशी चिकटलेल्या असू शकतात. त्यासाठी एपिथेलियल पेशींचे हात दाखवणारा सायटोकेरॅटिनचा डागही सोबत घ्या.

खानापूरवाला:
मोठ्या केंद्राचा रिपोर्ट आला म्हणून पुन्हा लिहितोय. सगळे ब्लॉक बघून त्यांनी लिहिलंय: बी-१ ६० टक्के, बी-२ ४० टक्के. आवरण एका ठिकाणी सूक्ष्म ओलांडलेलं, सगळ्यात जवळची कड ३ मिलिमीटरवर. तिथल्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की आता रेडिएशन नको, ठरलेल्या वेळी सीटी करत राहायचं. दादाला आकडा हवा होता, त्याला टक्के आणि मिलिमीटर दोन्ही मिळाले, तो आता शांत आहे. पुतण्या गुरुजींचं गणित वहीत उतरवून घेऊन बसलाय.

निपाणीची_अक्का:
छान झालं. वहिनींना सांगा, ठरलेली सीटी चुकवायची नाही, आणि हिवाळ्याआधी फ्लूची लस घ्यायची ती न्यूरोच्या डॉक्टरांना विचारून. काही लागलं तर मला निरोप पाठवा, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.